‘खच्ची’ची नोंद

‘कौशल्यमोचन’ हा शब्द कानावर पडताच रुग्णाने हात वर करून डॉक्टरांना थांबवले. संमतिपत्र त्याला वाचून दाखवले जात होते, कारण त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. पन्हाळ्याच्या वाटेवरच्या त्या मेंदू-कौशल्य प्रयोगशाळेत आजवर आलेल्या रुग्णांनी जिवाची, खर्चाची, फार तर जेवणाची चौकशी केली होती. उपचाराच्या नावावर हरकत घेणारा हा पहिलाच.

“मोचन म्हणजे सोडवणूक,” मल्लिकार्जुन आवटी म्हणाले. “बैलाला आडवा पाडून, पाय बांधून जे करतात त्याला आमच्या जत तालुक्यात मोचन म्हणत नाहीत, डॉक्टर.”

“मग काय म्हणतात?”

“खच्ची करणं.”

डॉ. शबनम मुजावर हसल्या. त्यांच्या मिरजेच्या घरी बोकडाबद्दल बोलताना ‘खस्सी’ म्हणत, एवढे त्यांना आठवले. आवटींना तेवढेच निमित्त पुरले. तो हाच शब्द, ते म्हणाले. मूळ अरबी ‘खसी’, फारसीचे बोट धरून इकडे आला आणि मराठी तोंडात बसता बसता खच्ची झाला. आधी तो घोड्याबैलांपुरता होता, मग माणसांना लागला. आता रोजच्या वर्तमानपत्रात कुणाचे ना कुणाचे खच्चीकरण झालेले असते, फक्त बैलाचे नसते.

“पांगळा माणूस पडूनझडूनही होतो,” ते पुढे म्हणाले. “खच्ची मात्र आपोआप कुणी होत नाही. ते कुणीतरी करावं लागतं, आणि करणारा स्वतःच्या सोयीसाठी करतो. बैल मरत नाही. उलट जास्त जगतो, कामाला लागतो. फक्त अंगावर येत नाही. या तुमच्या उपचाराला याच्याइतका नेमका शब्द मराठीत नाही. कोशात कुठं घालायचं ते मला विचारा.”

कोशात कुठे घालायचे हे त्यांना खरोखरच विचारावे लागले असते. सांगलीत तयार होत असलेल्या मराठी महाकोशाचे ते मुख्य संपादक होते आणि उभे आयुष्य त्यांनी दुसऱ्यांच्या शब्दांना घरे शोधून देण्यात घालवले होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी गिरिजाबाई त्याच कोशाच्या सहसंपादक. नवऱ्याची ही बडबड भीतीची आहे हे त्यांना कळत होते. आवटी घाबरले की व्युत्पत्ती सांगू लागत.

त्यांना झालेला आजार दुर्मीळ होता : वाचनजन्य अपस्मार. चारदोन ओळी वाचल्या की खालचा जबडा फडफडू लागे, जीभ अडखळे आणि वाचणे तिथेच थांबवले नाही तर सबंध शरीराला झटका येई. औषधांनी सुरुवातीला दाद दिली, मग दिली नाही. शेवटच्या झटक्यात श्वास थांबला होता आणि तो परत येईपर्यंत गिरिजाबाई त्यांचे नाव घेऊन हाका मारत राहिल्या होत्या, लग्नानंतर पहिल्यांदाच.

मग वाचूच नका, असे सगळ्यांनी सांगितले. सांगणाऱ्याचे काय जाते. ज्याला वाचता येते त्याला अक्षर दिसले की न वाचणे जमत नाही, कावळा दिसला की कावळाच दिसतो तसे ते आहे. गिरिजाबाईंनी घरातली पुस्तके हलवली, डब्यांवरच्या चिठ्ठ्या खरवडल्या, साबणाच्या वडीवरचे नाव घासून काढले. बाहेर मात्र सगळा गाव पाट्यांनी भरलेला. म्हणून पट्टी आली. पट्टी बांधल्यावर नवेच संकट समोर आले. आवटींना ऐकलेले शब्दही मनात लिहिलेले दिसत, ऱ्हस्वदीर्घासकट. कुणी भरभर बोलू लागले की पट्टीआड ते वाचत बसत आणि जबडा फडफडे. कोशकाराचे डोळे झाकता येतात, कोश झाकता येत नाही.

“तुमच्या मेंदूतून वाचन काढलं तरच तुम्ही वाचाल,” असे डॉ. मुजावर बोलून गेल्या आणि ओशाळल्या. आवटींनी मात्र त्या शब्दांवर कोटी केली नाही. त्या दिवशी त्यांना ती सुचली नसावी.

काढायचे कसे, हे त्यांनी बारकाईने विचारून घेतले. डॉ. मुजावरांनी तुपाचे उदाहरण दिले. शिकलेली गोष्ट मेंदूत थिजलेल्या तुपासारखी असते. ती वापरली की त्या वेळेपुरती पातळ होते, आणि वापरून झाली की पुन्हा थिजते. हे आयुष्यभर चालू असते, आपल्याला पत्ता नसतो. या पुन्हा थिजण्याला लागणारी प्रथिने अडवणारे द्रव्य त्यांनी तयार केले होते. त्याला त्या घट्टनरोधक म्हणत. ते रक्तात असताना जे कौशल्य वापराल ते पातळ होते आणि पुन्हा थिजत नाही. ओघळून जाते.

“म्हणजे सुरी नाही, कात्री नाही,” आवटी म्हणाले. “मी वाचायचं आणि वाचता वाचताच ते जायचं.”

“हो. द्रव्याला वाचन कुठलं आणि दुसरं काही कुठलं हे कळत नाही. जे वापरात असेल ते जातं. म्हणून त्या वेळात फक्त वाचायचं. दुसरा विचार नको, गप्पा नकोत.”

“आणि बोलणं? माणसं? भाषा?”

“ती राहते. आतापर्यंत तीन रुग्णांचं वाचन आम्ही काढलं आहे. तिघंही ठणठणीत आहेत. एक जण तर आता भजनं पाठ करतो.”

संमतिपत्रावर सही झाली. डोळ्यांवर पट्टी असूनही ती सुरेख आली, कारण सहीला वाचन लागत नाही. आवटींनी दोन अटी घातल्या. शेवटचे वाचन आपण लिहिलेल्या ‘खच्ची’ या नोंदीचे असेल, आणि समोर मूळप्रत धरून गिरिजा बसेल.

दुसरी अट डॉक्टरांना समजावून सांगावी लागली. महाकोशात मुद्रिते जोडीने तपासत. एकाने मोठ्याने वाचायचे, समोरच्याने मूळप्रतीवर बोट फिरवत ऐकायचे. वाचलेले आणि लिहिलेले जुळले नाही की समोरच्याने पेन्सिलीने मेजावर टक् करायचे, की वाचणाऱ्याने तिथल्या तिथे थांबायचे. वादबीद नंतर. छापायला जाण्याआधी प्रत्येक नोंद अशी सात वेळा वाचली जाई. समोर मूळप्रत धरलेले माणूस नसेल तर आवटींना मोठ्याने वाचणे जमतच नसे. डॉ. मुजावरांना त्यात काही धोका दिसला नाही. त्यांच्या दृष्टीने वाचन ते वाचन, मग ते जोडीने असो की एकट्याने. त्यांचे आधीचे तीन रुग्ण वर्तमानपत्र वाचणारे होते. आपलाच मजकूर सात सात वेळा मोठ्याने वाचणारी माणसे जगात असतात हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

गिरिजाबाईंना ठाऊक होते. पण आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट कधी कामाची आहे हे माणसाला वेळेवर कळत नाही.

झटका दाबणारे औषध आधी दिले गेले, मग घट्टनरोधक. आवटींची पट्टी सोडली. बऱ्याच दिवसांनी त्यांनी छापील पान पाहिले आणि त्यांचा चेहरा माहेरी आलेल्या पोरीसारखा झाला. ते वाचू लागले. शब्द, व्याकरण, व्युत्पत्ती. पहिला अर्थ, जनावरांबद्दल. उदाहरण : “गोऱ्हा खच्ची केल्यावर महिनाभर त्याने मान वर केली नाही.” ते आवटींच्या वडिलांच्या गोठ्यातले होते, गिरिजाबाईंना त्या गोऱ्ह्याचे नावही माहीत होते. मग दुसरा अर्थ, लाक्षणिक : धैर्य, उमेद किंवा अंगचे सामर्थ्य काढून घेणे. आवटींनी तो वाचला, आणि त्याच सुरात पुढे म्हणाले :

“‘तुझा आवाज घरापुरता ठीक आहे,’ एवढ्या एका वाक्याने त्याने तिला खच्ची केले.”

गिरिजाबाईंचे बोट थांबले. हे वाक्य पानावर नव्हते.

ते एकेकाळी होते. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी गिरिजाबाईंना रेडिओवर गाण्याच्या चाचणीचे बोलावणे आले होते. त्या सकाळी त्या पेटीवर सूर लावून बसल्या असताना आवटी चहाचा कप ठेवता ठेवता हे वाक्य बोलले. दुष्टपणाने नव्हे, पोरे दगड मारतात तसे, सहज. गिरिजाबाई चाचणीला गेल्या नाहीत. त्यानंतर त्या कधीच गायल्या नाहीत आणि त्याबद्दल घरात कुणी एक शब्द बोलले नाही. मग बऱ्याच वर्षांनी ‘खच्ची’च्या नोंदीचे पहिले मुद्रित आले आणि त्यात हे उदाहरण निघाले. आवटींनी माफी मागितली ती एवढीच, आणि तीही अशी कोशातून. गिरिजाबाईंनी तिसऱ्या वाचनात ते वाक्य खोडले. घरातली धुणी चव्हाट्यावर कशाला, असे त्या म्हणाल्या, आणि आवटींनी खाली मान घालून दुरुस्ती मान्य केली.

आता ते वाक्य पुन्हा आले होते, नवऱ्याच्या तोंडून, मोठ्याने. म्हणजे ते वाचत नव्हते. त्यांना नोंद तोंडपाठ होती आणि ते ती म्हणत होते.

पेन्सिल गिरिजाबाईंच्या हातात होती. टक् केले असते की ते थांबले असते, द्रव्याचा अंमल उतरू देता आला असता, दुसरा मजकूर शोधता आला असता. त्यांनी टक् केले नाही. एक तर ते वाक्य त्यांना ऐकायचे होते. जन्मभर वाट पाहिलेली गोष्ट तोंडाशी आल्यावर मेजावर पेन्सिल कोण आपटेल? आणि दुसरे असे की, वाचतच नाहीत तर वाचन जाणार नाही, असा त्यांनी हिशेब केला. उपचार फसेल, माझा माणूस होता तसा राहील, मग पुढचे पुढे. जे वापरात असेल ते जाते, हे डॉक्टरांनी त्यांच्यासमोरच सांगितले होते. त्या वेळी वापरात काय होते, याचा विचार त्यांनी केला नाही. आवटी नोंद संपेपर्यंत म्हणत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आवटींनी खोलीच्या दारावरची ‘शांतता राखा’ ही पाटी घडाघडा वाचली आणि त्यांचा जबडा फडफडला. डॉ. मुजावर आदल्या दिवशीच्या मेंदूच्या नोंदी पडद्यावर पुन्हा पुन्हा बघत बसल्या. गिरिजाबाई बाहेर गेल्या आणि कुणाला दिसणार नाही असे हसून आल्या.

घरी परतल्यावर पट्टी सैल करून आवटी खोलीभर बघत होते. कोपऱ्यातल्या खोळ घातलेल्या पेटीजवळ ते थांबले.

“ही कुणाची गं?”

गिरिजाबाईंना वाटले, थट्टा आहे. ती थट्टा नव्हती. ‘माझी’ म्हटल्यावर ते खरेच चकित झाले. तू गायचीस? कधी? मला कसं ठाऊक नाही? त्यांच्या स्वरात अपराधीपणा नव्हता, अवघडलेपण नव्हते, नुसते कुतूहल होते. पेटीसमोरून जाताना इतकी वर्षे त्यांची नजर खाली जात असे, ती त्या दिवशी गेली नाही. गिरिजाबाईंनी गोऱ्ह्याचे नाव घेऊन पाहिले. तेही त्यांना आठवेना. शेवटी घाबरत घाबरत त्यांनी विचारले, “अहो, खच्ची म्हणजे काय?”

आवटींनी कपाळाला आठ्या घालून विचार केला. “कच्ची?” ते म्हणाले. “कैरी का?”

गिरिजाबाई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याशी उभ्या राहिल्या. आपण पेन्सिल आपटली नाही म्हणून हे झाले, हे त्यांना कळले, आणि त्या कळण्याला कुठे ठेवावे ते कळेना. ज्या वाक्यासाठी त्या गप्प बसल्या, ते वाक्य त्यांच्या गप्प बसण्यानेच पुसले गेले होते. त्यांच्यावर झालेला अन्याय आता जगात फक्त त्यांनाच माहीत होता. ज्याने केला त्याच्या लेखी तो झालाच नव्हता.

त्यांनी डॉ. मुजावरांना फोन करून सगळे सांगितले, काही लपवले नाही. डॉक्टर रागावल्या नाहीत. चूक माझीही आहे, त्या म्हणाल्या, पाठांतर आणि वाचन यांतला फरक मला दिसायला हवा होता. गेलेले परत येणार नाही. पण आजार आहे तसाच आहे.

तो होता त्याहून वाढला. पुढच्या झटक्यात श्वास पुन्हा थांबला आणि या वेळी आवटींना नळ्या लावाव्या लागल्या. शुद्धीवर आले ते अर्धे होऊन. घट्टनरोधकाची आणखी एक मात्रा त्यांचे यकृत सोसेल, तिसरी नाही, असे डॉ. मुजावरांनी स्पष्ट सांगितले. आता वाचायला असा मजकूर हवा जो त्यांनी कधीच पाहिलेला नाही. पण आवटींनी मराठीत काय वाचले नव्हते? कुठलेही पान धरले, अगदी ताजे लिहून आणले, तरी अर्धे वाक्य डोळ्यांआधी ओठांवर येई.

“एक पान आहे,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “त्यांच्यासाठी पूर्ण कोरं. ते आपणच कोरं केलं आहे.”

गिरिजाबाई नको म्हणाल्या. दुसरे काहीही शोधा, पण ते नको. मग रात्र गेली, सकाळ झाली, आवटींनी पाण्याचा ग्लास धरताना दोनदा सांडला, आणि त्या हो म्हणाल्या.

पुन्हा तेच मेज, तशीच पेन्सिल. आवटी अगदी हळू वाचत होते, शाळेतल्या मुलासारखे बोट ठेवून. पडद्यावर मेंदूचा वाचनाचा भाग लख्ख उजळला होता. डॉ. मुजावरांनी काचेपलीकडून मान हलवली. व्युत्पत्तीच्या परिच्छेदाशी आवटींचा चेहरा खुलला. ‘वा,’ असे ते स्वतःशीच पुटपुटले, लिहिणारा जाणकार आहे. गोऱ्ह्याचे वाक्य त्यांनी वाचले आणि परक्या गोठ्यातल्या जनावराबद्दल हळहळावे तेवढे हळहळले. मग दुसरा अर्थ आला. धैर्य, उमेद किंवा अंगचे सामर्थ्य काढून घेणे. आणि तिथे ते थांबले.

गेला होता तो शब्द. कोश करण्याची नजर गेली नव्हती.

“इथं उदाहरण नाही,” आवटी म्हणाले. त्यांनी वर पाहिले. “अर्थ दिलाय आणि उदाहरण नाही. असं कसं चालेल? गिरिजा, तुला सुचतंय का एखादं?”

काचेपलीकडे डॉ. मुजावर उठून उभ्या राहिल्या. बोलणे सुरू झाले की वाचन थांबणार होते, आणि वेळ थोडा होता, आणि ही शेवटची मात्रा होती. गिरिजाबाईंच्या गळ्याशी ते वाक्य आले होते, चहाच्या कपासकट, त्या सकाळच्या उन्हासकट. आता सांगितले असते तर त्याला कळले असते. पुढचा अर्धा तास तरी त्याला ते ठाऊक राहिले असते. त्याने तिच्याकडे बघितले असते.

“पुढं वाचा,” त्या म्हणाल्या.

आवटींनी मान खाली घातली आणि वाचू लागले. पानाच्या शेवटी शेवटी त्यांचे बोट अडखळू लागले. शेवटच्या ओळीशी ते नुसतेच फिरत राहिले, मुंगी फिरते तसे.

यानंतर झटका आला नाही. महिने गेले, पट्टी गेली, अंगावर मांस चढले. आवटी बाजारात एकटे जाऊ लागले, पाट्यांकडे बघून नक्षीसारखी त्यांची तारीफ करू लागले. डॉ. मुजावरांनी त्यांचे छायाचित्र परिषदेत दाखवले. कोशाचे काम अडले होते, ते गिरिजाबाईंनी अंगावर घेतले. रोज दुपारी त्या मोठ्याने वाचत आणि आवटी डोळे मिटून ऐकत. ऐकलेले आता त्यांना लिहिलेले दिसत नसे, पण चूक बरोबर पकडत. पेन्सिल त्यांच्याकडे असे.

छपाईआधीच्या शेवटच्या तपासणीसाठी ‘ख’ची पाने काढली तेव्हा ती नोंद समोर आली. गिरिजाबाईंनी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या अर्थाशी आल्यावर त्यांनी नवऱ्याकडे पाहिले. पानावर काय आहे हे घरात आता फक्त त्यांनाच कळत होते. त्यांनी पानावर नसलेले वाक्य वाचले, सबंध, एकाही ठिकाणी न अडखळता.

टक् झाले नाही. आवटींनी डोळे उघडले.

“हे उदाहरण बनवलेलं वाटत नाही,” ते म्हणाले. “कुणाच्या तरी घरात घडलेलं असणार. इतकं साधं वाक्य कुणी बसून रचत नाही.” मग त्यांनी विचारले, “कोण असेल गं हा माणूस? आणि ती? ती पुढं गायली का?”

“नाही,” गिरिजाबाई म्हणाल्या, आणि त्यांनी पुढची नोंद वाचायला घेतली.